लाल रेघ नसलेलं पान

मी खोलीत शिरले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा एक उंच, वाळका माणूस खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठायला लागला. उठायला निदान अर्धं मिनिट लागलं असेल. "बसा, बसा," असं मी दोनदा म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही. पूर्ण सरळ झाले, कोटाचं बटण लावलं, हात पुढे केला आणि मी बसल्यावरच बसले. तेवढ्यात घरात काम करणारी फिलिपिनो बाई चहा घेऊन आली. साहेब पुन्हा उठायला लागले. मी मनात म्हटलं, हे असंच चालणार असेल तर पुस्तक व्हायला दहा वर्षं लागतील.

पुस्तक त्यांचं होतं, आठवणींचं. ते सांगणार आणि मी उतरवून घेणार, असं ठरलं होतं. हे काम मिळालं तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते आणि चार महिने घरी बसून चिडचिड करत होते. आमच्या कंपनीत फेररचना झाली आणि तिच्यात माझी सेक्रेटरीची जागाच नाहीशी झाली. माझे यजमान मेसईदला पोलादाच्या कारखान्यात. ते पहाटे कंपनीच्या बसनं जायचे आणि मी दोह्यात, अल नस्रच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी मोजायची. एक दिवस इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला, की एका ब्रिटिश कुटुंबाला शॉर्टहँड येणारी बाई हवी आहे. त्याखाली लोकांनी हसण्याच्या चित्रांची रांग लावली. एकानं लिहिलं, "टाइपरायटर पण डोक्यावर घेऊन यायचा का?" माझं डोकंच फिरलं. नाशिकच्या क्लासात मिनिटाला एकशे वीस शब्दांची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले होते. तो निरोप वाचून दहा मिनिटांच्या आत मी फोन लावला.

घर दोह्याबाहेर, उम्म सलाल मोहम्मदच्या पलीकडे, एका कुंपणाच्या वसाहतीत होतं. साहेबांची लेक तिथल्या शाळेत शिकवते, जावई गॅस कंपनीत. साहेबांची पत्नी गेल्यापासून ते हिवाळा इकडे काढायचे, हाडांना बरं म्हणून. लेकीनं त्यांना फोनवर आवाज रेकॉर्ड करायला शिकवलं होतं, पण त्यांना ते पटेना. मला म्हणाले, "यंत्राकडे बघून बोललं की भाषण होतं. समोर माणूस बसलेला असला की खोटं बोलायला जरा जड जातं." मला ते वाक्य फार आवडलं. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

त्यांच्या आयुष्याचे तीन तुकडे होते. आधी सैन्य, मग राजवाडा, मग संसदेचं वरिष्ठ सभागृह. घराणं जुनं, पदवी वडिलोपार्जित. त्याबद्दल ते म्हणायचे, "त्यासाठी मी जन्माला येण्यापलीकडे काहीही केलेलं नाही." हे ते विनयानं म्हणत नसत. दिल्ली कुठं आहे हे जसं आपण सांगतो तसं सांगत.

राजवाड्यातल्या त्यांच्या कामाला मराठीत काय म्हणावं, हे मला अजून कळलेलं नाही. हुजऱ्या म्हटलं तर अपमान होतो आणि मानकरी म्हटलं तर काहीच कळत नाही. काम असं, की राजघराण्यातलं माणूस जिथं जाईल तिथं दोन पावलं मागं राहायचं. समोरून येणाऱ्याचं नाव कानात सांगायचं. खिशात एक सेफ्टी पिन, पेपरमिंट आणि जादा हातमोज्यांचा जोड. पावसात छत्री दुसऱ्यावर धरायची आणि आपण भिजतोय हे दिसू द्यायचं नाही. "मुख्य काम म्हणजे जे दिसलं ते न दिसल्यासारखं करणं," साहेब म्हणाले, "त्यात मी फार तरबेज होतो." तिथली एकही भानगड त्यांनी मला सांगितली नाही. मी आडून आडून विचारून पाहिलं, खोटं कशाला बोलू. त्यावर ते मला नाशिकची द्राक्षं कधी येतात ते विचारायचे आणि दहा मिनिटांनी माझ्या लक्षात यायचं, की आपण द्राक्षांवर बोलतोय.

सभागृहात त्यांनी काय केलं, हे सांगायला त्यांना कंटाळा यायचा. सैनिकांच्या निवृत्तिवेतनावर आणि खेड्यातल्या बससेवेवर बोलत राहिले, एवढंच सांगायचे. पण लेकीनं मला एकदा स्वयंपाकघरात सांगितलं, की नुसत्या जन्मामुळे जागा मिळालेल्या लोकांना सभागृहातून काढायचं की नाही, असं मतदान झालं तेव्हा तिच्या वडिलांनी काढायच्या बाजूनं मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी आपलं कपाट रिकामं करून बसनं घरी आले. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीची खुर्ची सोडावी लागू नये म्हणून लोक कोर्टात जातात. मी त्या दिवसापासून साहेबांच्या पूर्ण कह्यात गेले.

आणखीही कारणं होती. दर गुरुवारी ते वर्तमानपत्र अंथरून स्वतःचे बूट स्वतः चमकवायचे. वसाहतीच्या फाटकावरच्या तिन्ही पहारेकऱ्यांची नावं, गावं, मुलांच्या इयत्ता त्यांना पाठ होत्या. मला एकदा शिंक आली तर दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आल्याचा तुकडा आणि हातानं लिहिलेली चिठ्ठी होती. त्यांची नजर अधू झाली होती, समोरचं छापील वाचता येत नव्हतं, म्हणून ती चिठ्ठी पाटीवर लिहावी तशी मोठ्या अक्षरात होती. माझ्या यजमानांनी तीस वर्षांत मला चिठ्ठी लिहिलेली नाही. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, मी समोरच असतो की."

माझ्या कामाची एक पद्धत होती. वहीत शॉर्टहँड घ्यायचं, घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर टाइप करायचं आणि जे पान टाइप झालं त्यावर लाल पेन्सिलीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची. आमच्या क्लासच्या बाईंनी लावलेली सवय. रेघ म्हणजे या पानाचं देणं संपलं. त्या बाई आणखी एक सांगायच्या. "ऐकलं ते लिहायचं, आवडलं ते नाही." साहेबांना त्या लाल रेघांची मोठी मौज वाटली. शॉर्टहँड त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसायची. दुसऱ्या दिवशी मी गेले की वही हातात घेऊन पानं उलटायचे आणि विचारायचे, "खलास?" तरुणपणी ते आखातात सैन्यात होते, त्यामुळे असे अरबी शब्द त्यांच्या तोंडात बसलेले. मी म्हणायची, "खलास, सर." मग मी टाइप केलेलं वाचून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे.

जानेवारीत एक दिवस दोह्यात पाऊस झाला. त्या दिवशी साहेबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, लेक शाळेत, म्हणून मी माझ्या गाडीतून नेलं. लायसन्स मी इथं पंचेचाळिसाव्या वर्षी काढलं, तेही तिसऱ्या खेपेला. परतताना एका बोगद्याच्या तोंडाशी पाणी साठलं होतं. पुढच्या गाड्या जात होत्या. माझ्या शेजारी यजमान असते तर म्हणाले असते, "काढ गं, निघेल, यल्ला." त्यांच्या असल्या 'यल्ला'पायी, म्हणजे अरबीतल्या 'चल चल'पायी, मी एकदा राउंडअबाउटवर गाडी ठोकून घेतली आहे आणि घरात आजतागायत तो माझाच दोष आहे. मी साहेबांना म्हणाले, "सर, मला नाही वाटत आपण जावं."

"मग नाही जायचं," ते लगेच म्हणाले. शब्द संपायच्या आत. मी बघितलं तर त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं आणि बोटं पांढरी पडली होती. आम्ही बाजूला गाडी लावून दीड तास बसलो. पाऊण तासानं ते म्हणाले, "उद्या आपण एक प्रकरण घेऊ. ते मी पुढं ढकलत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं ते असं.

चोवीस वर्षांचे असताना ते शेजारच्या एका डोंगराळ देशात होते. एका संध्याकाळी त्यांना छावणीवर पोचायचं होतं, कारण तिथं एका मोठ्या सेनापतीचं जेवण होतं आणि तरुण लेफ्टनंटला त्या पंगतीत बसायची संधी होती. सोबत एकच माणूस, त्यांचा ड्रायव्हर, त्यांच्याच देशातला शिपाई, वयानं त्यांच्याएवढाच. वाटेत कोरडी नदी लागली. डोंगरात वर कुठंतरी पाऊस पडला होता. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मग लोंढा आला. साहेब वाहून जाऊन एका खडकाला अडकले आणि वाचले. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी चार मैल खाली सापडला. चौकशी झाली. ड्रायव्हरच्या चुकीच्या अंदाजामुळे अपघात, असा निष्कर्ष निघाला.

एवढं त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पुढचं एक पान सांगितलं. ते पान सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "हे मला वाचून दाखवू नका. दोनदा ऐकवणार नाही. त्या ड्रायव्हरची बहीण अजून आहे. तीस वर्षांपूर्वी तिनं माझा फोटो पेपरात पाहून मला पत्र लिहिलं होतं, खरंच भावाची चूक होती का म्हणून. मी तिला अतिशय सुंदर उत्तर पाठवलं. त्यात काहीही नव्हतं. पुस्तक केव्हा व्हायचं तेव्हा होवो, हे प्रकरण आधी तिला गेलं पाहिजे. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि माझाही काही भरवसा नाही."

त्यांनी सोबतचं पत्र सांगितलं, मी ते तिथंच टाइप केलं, त्यांनी सही केली. प्रकरण टाइप करून, त्या पत्रासोबत पाकिटात घालून पोस्टात टाकायचं काम माझं.

घरी येऊन मी टाइप करायला बसले. लोंढ्यापर्यंत आले. चौकशीपर्यंत आले. मग ते पान आलं आणि माझा हात थांबला. मला ते सहनच होईना. हा माणूस चहावाल्या बाईसाठी उठून उभा राहतो, स्वतःविरुद्ध मत देऊन बसनं घरी येतो, आणि असल्या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःबद्दल हे लिहून ठेवायचं? उद्या त्यांची नातवंडं वाचतील. पेपरवाले तेवढंच एक पान उचलतील, बाकीच्या साठ वर्षांकडे कोण बघणार. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या बाबतीत असंच शिकवतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आजोबांनी काय केलं ते घराबाहेर जात नाही. खरं म्हणजे घरातसुद्धा सगळ्या खोल्यांत जात नाही.

मी ते पान गाळलं. पुढचा परिच्छेद मागच्याला जोडला. जोड इतका बेमालूम बसला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. संध्याकाळी यजमान मेसईदहून आले तेव्हा त्यांना सांगितलं. बूट काढता काढता म्हणाले, "बरं केलंस. मरताना माणूस काहीही बोलतो. खलास, सोडून दे." सकाळी मी पाकीट पोस्टात टाकलं.

पण वहीतल्या त्या पानावर मी रेघ मारू शकले नाही. पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली. खोटं टाइप करायला हात धजला आणि रेघ मारायला धजला नाही, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

त्याच दिवशी संक्रांत होती. मी साहेबांना तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते खूप हसले. "गोड बोलायचाच तर मी जन्मभर धंदा केला," म्हणाले. मग वही न मागताच विचारलं, "खलास?"

"खलास, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तिळाची वडी एका घासात तोंडात टाकली. इतकं हलकं झालेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. दोन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणलं. बोललेलं सगळं कळत होतं, डोळे पूर्वीसारखेच लक्ष ठेवून होते, पण तोंडातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. लेक मला म्हणाली, तुम्ही येत राहा, त्यांना जुनी प्रकरणं वाचून दाखवा, बरं वाटतं. मी जायची, वाचायची. ते एक प्रकरण मी कधी काढलं नाही. त्यांनीच वाचू नका म्हटलं होतं, अशी मनाची समजूत घालायची.

मार्चमध्ये त्या बहिणीचं उत्तर आलं. आम्ही तिघं व्हरांड्यात होतो. साहेब आरामखुर्चीत, पायांवर शाल. लेकीला या पत्रव्यवहाराची काही कल्पना नव्हती. तिनं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. पत्र चारच ओळींचं होतं. "आपण पाठवलेलं प्रकरण सुंदर आहे. तीस वर्षांपूर्वीचं आपलं पत्रही सुंदर होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातही नव्हतं आणि यातही नाही. आता मी पुन्हा विचारणार नाही."

साहेबांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भुवया वर गेल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं असावं, आपल्याच कानांनी काहीतरी चुकवलं. डावा हात पुढं करून त्यांनी बोटं हलवली. लेक म्हणाली, "पत्र पाहिजे का?" त्यांनी मान जोरात हलवली, नाही. बोट माझ्या पिशवीकडे होतं. मला कळलं होतं. मी तरी पाण्याची बाटली काढून दिली. त्यांनी ती बाजूला सारली. मग मी वह्या काढल्या.

जानेवारीची वही त्यांनी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं एक एक पान उलटायला लागले. लाल रेघ. लाल रेघ. लाल रेघ. मला वाटलं, दोन पानं एकदम उलटली जावीत. मग ते थांबले. पान वर उचलून, डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी उजेडात धरलं. त्यावर पेन्सिलीच्या बारीक खुणांखेरीज काही नव्हतं. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

"सर, ते मी टाइप केलं नाही," मी म्हणाले. "लोकांनी तुम्हाला नावं ठेवू नयेत म्हणून."

"काय आहे त्यात?" लेकीनं विचारलं. जगात ते पान वाचू शकणारी त्या घडीला मी एकटीच होते. हेही मला तेव्हाच उमगलं. मला आणखी एकदा लपवता आलं असतं, साहेब सोडून कुणालाही कळलं नसतं आणि त्यांना बोलता येत नव्हतं. साहेबांनी वही माझ्या हातात दिली आणि डोळे मिटले. मी वाचलं.

"त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, पाणी येणार, सर, जाऊ नये. मी म्हणालो, चल. तो म्हणाला, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला वास येतोय. मी म्हणालो, हा हुकूम आहे. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही, त्यानं गिअर टाकला. मला जेवणाला उशीर होत होता. नंतर माझ्या कर्नलनं अहवाल लिहून आणला. त्यात ड्रायव्हरचा अंदाज चुकला असं होतं. कर्नल माझ्या वडिलांचे मित्र होते आणि त्यांना माझं नाव जपायचं होतं. मी अहवाल वाचला. तो खोटा आहे हे मला माहीत होतं. मी सही केली. त्यानंतर मला जे काही मिळालं ते त्या सहीवर मिळालं."

'माझं नाव जपायचं होतं' या शब्दांपाशी मी थांबलेच. त्या कर्नलनं केलं तेच मी माझ्या जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या डागावर लॅपटॉप ठेवून केलं होतं. त्याच भल्या हेतूनं. आणि तो ड्रायव्हर दुसऱ्यांदा दोषी ठरला होता. साठ वर्षांनी साहेबांनी उघडलेली मूठ मी पुन्हा मिटवून पोस्टात टाकली होती. मला माझी इतकी लाज वाटली, की त्या व्हरांड्यात नेमकं कुठं बघावं ते कळेना.

लेक म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. ती वडिलांच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसली. "बाबा मला लहानपणापासून सांगायचे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ड्रायव्हर नको म्हणाला तर नको. मला वाटायचं, शिष्टाचार आहे."

मी पिशवी उचलली. काम गेलं हे मी गृहीतच धरलं होतं आणि ते जायलाच हवं होतं. "येते मी," एवढं कसंबसं म्हणाले. तेव्हा साहेबांनी डावा हात खुर्चीवर रोवला आणि ते उठायला लागले. मी म्हणाले, नको सर. लेक हात द्यायला पुढं झाली, त्यांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ती जागीच थांबली. उजवी बाजू लोंबत होती. शाल खाली पडली. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. पण माझ्यासारख्या बाईला निरोप द्यायला तो माणूस सरळ उभा राहिला, आणि रिकाम्या हातानं नसलेलं कोटाचं बटण चाचपलं. मी तिथंच रडले. मला अजून कुणाबद्दल इतका आदर वाटलेला नाही, आणि तो ते पान ऐकल्यानंतर वाटला, आधी वाटत होता त्याच्याहून जास्त. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ते पान गाळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पान टाइप करून नेलं. सोबत माझं पत्र होतं, माझ्या नावानं. पहिल्या पाकिटात हे पान नव्हतं तो दोष साहेबांचा नाही, माझा आहे, त्यांनी सांगितलं होतं आणि मी गाळलं, असं त्यात सरळ लिहिलं होतं. लेकीनं दोन्ही वाचून दाखवलं. साहेबांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. मी सवयीनं लाल पेन्सिल काढली. त्यांनी वहीच्या पानावर तळहात ठेवला आणि मान हलवली. अजून नाही. मी पेन्सिल तिथंच, त्यांच्या औषधांच्या ट्रेमध्ये ठेवली.

पाकीट पोस्टात टाकलं आणि वाट बघणं सुरू झालं. बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पत्र पोचेतो असेल की नाही, आणि असली तरी पुन्हा विचारणार नाही म्हणालेली बाई पाकीट फोडेल की नाही. साहेब थकत चालले होते. एप्रिलमध्ये ऊन तापायला लागलं, तरी ते व्हरांड्यातच बसायचा हट्ट धरायचे, कारण तिथून फाटक दिसतं. यजमान रोज संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या विचारायचे, "आलं का गं?" सोडून दे म्हणणारे तेच, पण आता त्यांनाही झोप नीट लागत नव्हती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पाकिटावर साहेबांच्या घरचा पत्ता होता आणि नाव माझं. मी साहेबांसमोर बसून ते वाचलं.

"तुम्ही ते पान परत पाठवलंत म्हणून तुम्हाला लिहिते. माझ्या भावाला गाडी चालवायला आमच्या वडिलांनी शिकवलं, शेतावरच्या दुधाच्या गाडीवर. अहवाल आल्यावर वडील पुन्हा कधी त्या गाडीत बसले नाहीत. शिकवण्यात आपलंच काही राहून गेलं, असं ते मरेपर्यंत म्हणत. रविवारी मी त्यांच्या थडग्यापाशी जाऊन ते पान मोठ्यानं वाचलं. पाण्याचा वास घ्यायलाही त्यांनीच त्याला शिकवलं होतं. तुमच्या साहेबांना माफ करायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण मला उत्तर मिळालं असं त्यांना सांगा."

साहेबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. जन्मभर भिजल्याचं दिसू न देणारा माणूस. थोड्या वेळानं त्यांनी डावा हात ट्रेकडे नेला आणि औषधांच्या पट्ट्यांमधून लाल पेन्सिल शोधून काढली. मी वही उघडून मांडीवर धरली. वरच्या कोपऱ्यापासून त्यांनी रेघ ओढायला घेतली. ती मध्येच थांबली, डगमगली, परत निघाली आणि पानाचा खालचा कोपरा ओलांडून शालीवर गेली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

"खलास, सर," मी म्हणाले. या खेपेला ते खरं होतं.